हिरवी रेघ

कॅनडात एडमंटनजवळच्या निस्कूच्या त्या टाक्यांच्या कारखान्याला हिवाळ्यात एक खोड होती. पारा उणे तीसच्या खाली गेला की संध्याकाळी घरी निघताना पोरं प्लेटचा वीतभर तुकडा घ्यायची, ग्राइंडरने मध्यावर खाच पाडायची आणि मागच्या दाराबाहेर बर्फात ठेवून द्यायची. रात्रभर तो गारठायचा. सकाळी कॉफीच्या आधी तो पटकन आत आणायचा, वाइसच्या पकडीत आवळायचा आणि घण घालायचा. पैज एवढीच, वाकतो की मोडतो. हरणाऱ्यांनी सगळ्यांना डोनट आणायचे.

यंदा थंडीनेच उशीर केला. नाताळ झाला, सात जानेवारीचा युक्रेनी नाताळही झाला, तरी बर्फ वितळून अंगणात चिखल. मग जानेवारीच्या मध्यावर अशी पडली, की रात्री इंजिन गरम ठेवायची वायर गाडीला लावायला विसरलेले दोघे कामावरच आले नाहीत.

त्या सकाळी वाइसमधल्या तुकड्यावर हिरवी रेघ होती. हिरवी म्हटल्यावर पैजेत काय राम? हिरवी वाकते, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक. सगळ्यांनी वाकण्यावर लावली. मोडण्यावर लावली ती एकट्या वासिल मामाने.

"म्हातारा चळला रे," कोणीतरी म्हणालं.

"चळू दे की! चॉकलेटवाले आणा, पिठीसाखरेचे नकोत. मिशीला लागते," मामा म्हणाला आणि बाजूला सरकला.

घण पडला. काच फुटल्यासारखा आवाज झाला आणि अर्धा तुकडा उडून लॉकरवर आदळला. जो काय हशा पिकला! मामाने टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला. पोरं त्याच्या पाठीत धपाटे घालत डोनटची यादी करायला लागली.

हसली नाही ती स्तेफा. स्तेफानिया ह्रित्साक, कारखान्याची तपासणी प्रमुख. तिच्या शिक्क्याशिवाय तिथून साधं झाकण बाहेर जात नसे. पाठीमागे तिला सगळे सासूबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त मामाची. तो तिच्या आईचा सख्खा भाऊ. बाप सोडून गेल्यावर यानेच तिला या कारखान्यात आणलं, आधी झाडू मारायला, मग वेल्डिंगला, आणि तपासणीचा शिक्का हातात आला तेव्हा सगळ्यांत आधी रडला तोही हाच. आता तो प्लेटांवर निशाण्या मारायच्या, मार्किंगच्या, कामाचा मुकादम होता आणि उन्हाळ्यात निवृत्त होणार होता.

स्तेफाने दोन्ही अर्धे उचलले. मोडलेला भाग साखरेच्या खड्यांसारखा चकाकत होता. चिवट पोलाद असं मोडत नाही. ते ताणलं जातं, फाटतं, राखाडी पडतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

आता ही हिरवी रेघ काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढची बोंबाबोंब कळायची नाही. साधं पोलाद कडक थंडीत चिवटपणा सोडतं, आणि दाबाने भरलेल्या टाकीचं पोलाद चिवट नसेल तर ती गळत नाही, फुटते. म्हणून काही प्लेटा लाटून झाल्यावर पुन्हा भट्टीत तापवतात आणि हवेत निवू देतात. अशी प्लेट थंडीला दाद देत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या तर देवालाही फरक सांगता येणार नाही, म्हणून निववलेल्या प्लेटवर कारखान्यात हिरवी रेघ मारत, साधीवर काहीच नाही. नियमांच्या पुस्तकात एक तक्ता असतो. प्लेटची जाडी बघायची, जात बघायची, टाकी किती थंडीत उभी राहणार ते बघायचं. तक्ता म्हणाला चाचणी माफ, तर माफ. नाही म्हणाला, तर त्याच पोलादाचे नमुने प्रयोगशाळेत गारठवून हातोड्याखाली घालायचे, ते टिकले तरच टाकी.

कारखान्याच्या मधोमध उभी असलेली मोठी टाकी पार उत्तरेला हाय लेव्हल गावाच्याही पुढच्या एका गॅस प्लांटला जायची होती. उणे तीसची थंडी, इंचभर जाड प्लेट, हिरवी रेघ. तक्त्यात माफ. तीच प्लेट साधी असती तर पाणी गोठतं तिथेच माफी संपली असती. माफीच्या कागदावर सही स्तेफाची होती, आणि टाकीशेजारी रोज ये-जा करणारी माणसं त्या सहीवर जगणार होती. गुरुवारी ट्रेलर येणार होता.

"मामा, हा तुकडा कुठला?" तिने विचारलं.

"रॅकवरचा गं. सोड ना. पैजेचा तुकडा तो, खेळ आहे."

"हिरवा होता."

"खाच खोल पडली असेल. पोरं आहेत, ग्राइंडर मिळाला की अंगात येतं त्यांच्या. जा, कॉफी घे. नाक बघ किती लाल झालंय."

मामाचा स्वभावच असा, कोणाचं वाईट बघवत नाही, असं ती मनात म्हणाली आणि दोन्ही अर्धे कोटाच्या खिशात टाकले.

तिचा संशय कोणावर गेला असेल? डेरिल क्विस्टवर. खरेदीचं काम त्याच्याकडे. माणूस एडमंटनशी जन्माचं वैर असलेल्या कॅल्गरीचा, आणि निस्कूत तेवढा पुरावाही चालतो! त्यात ही प्लेट त्याने नव्या व्यापाऱ्याकडून आणलेली, नेहमीपेक्षा स्वस्तात. व्यापाऱ्याने साधी प्लेट निववलेली म्हणून गळ्यात मारली असेल, आणि यानेही डोळे मिटले असतील. का मिटले असतील? त्याच्या दारात नवी स्नोमोबाइल, बर्फावर पळवायची महागडी गाडी, उभी होती, हे स्तेफाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

एकदा भूत मानगुटीवर बसलं की सगळं तसंच दिसायला लागतं. ती त्याच्या केबिनमध्ये शिरली की तो फोन ठेवून द्यायचा. जेवायला एकटाच गाडीत जाऊन बसायचा. "त्या व्यापाऱ्याचा नंबर दे," म्हटलं तर "उद्या देतो," म्हणाला. उद्या? फोनमध्ये नंबर असताना उद्या कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, तिची खात्रीच पटली.

टाकीला मॅनहोलसाठी भोक पाडलं तेव्हा निघालेली चकती अजून कारखान्यातच होती. कॉफीच्या भांड्याखाली बैठक म्हणून ठेवलेली. टाकीच्या अंगाचंच मांस ते. स्तेफाने भांडं उचललं, चकतीवरचा नंबर ताडून बघितला आणि ती एडमंटनला प्रयोगशाळेत धाडली. मग मालकाच्या, लॉर्नच्या, खोलीत जाऊन म्हणाली, "ट्रेलर थांबवा."

लॉर्न खुर्चीतून उठलाच. "तक्त्यात माफ आहे ना? तूच सही केलीस ना?"

"हिरव्याला माफ आहे. ही हिरवी आहे की नाही तेच मला माहीत नाही."

"एका डोनटच्या पैजेवरून तू माझी टाकी अडवणार?"

"अडवली," ती म्हणाली.

बातमी कारखानाभर झाली. दुपारी डेरिल कॉफीला आला तर सगळे गप्प. त्याने हसून विचारलं, "काय झालं? कोणी मेलं का?"

स्तेफाला राहवलं नाही. "अजून नाही. हिरव्या प्लेटचे पैसे कुठे गेले, डेरिल? आणि आम्हाला काय आणून घातलंस?"

त्याचा चेहरा पडला. कप खाली ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं. कोणीच त्याच्या बाजूने तोंड उघडलं नाही. मामाही मूग गिळून बसला होता, मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"सिद्ध कर," डेरिल म्हणाला आणि निघून गेला.

प्रयोगशाळेचा निकाल शुक्रवारी आला. उणे तीसला तिन्ही नमुने उत्तम, हवं त्याच्या कितीतरी वर. प्लेट निववलेली, अस्सल, सोन्यासारखी. टाकीच्या अंगाला काहीही झालेलं नव्हतं.

स्तेफाला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. ती तडक डेरिलच्या केबिनमध्ये गेली. तो खोक्यात सामान भरत होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"कळलं मला. लॉर्नने सांगितलं."

"मग फोन का ठेवायचास?"

"दुसरी नोकरी शोधत होतो, बाई! तुझ्यासमोर मुलाखत देऊ?" तो चिडून म्हणाला. मग आवाज खाली आला. "तीन वर्षं झाली. तुम्ही सगळे एकमेकांच्या घरी पेरोगी खायला जाता. मला एकदाही कोणी बोलावलं नाही. आता तर चोरच ठरलो. सोमवारी तू सगळ्यांना सांगशील की प्लेट चांगली निघाली, आणि ते म्हणतील, निसटला साला."

तो म्हणत होता ते खरं होतं. निस्कूत तसंच म्हणाले असते.

ती टेबलावर येऊन बसली आणि खिशातले दोन अर्धे समोर ठेवले. टाकी चांगली. मग हा कुठला? आता घाई नव्हती, म्हणून तिने तो पहिल्यांदा नीट बघितला. कारखान्याचा नियम असा, की आधी रेघ पुढे ओढायची आणि मग प्लेट कापायची, म्हणजे हिरव्या प्लेटचा बिननिशाणीचा तुकडा जन्मालाच येत नाही. त्यामुळे कापलेल्या कडेशी रंग नेहमी जळून काळा पडलेला असतो. या तुकड्यावर रेघेच्या एका टोकाला तसाच जळला होता. दुसऱ्या टोकाची कड जुनी, गंजलेली. तिथे रंग गंजावरून खाली ओघळला होता. म्हणजे ही रेघ कापण्याआधी ओढलेली नव्हतीच. बेवारस साध्या तुकड्यावर कोणीतरी मागाहून हिरवं फासलं होतं.

हिरव्या रंगाचं कपाट कुलपात असे. किल्ल्या दोन. एक तिच्या गळ्यात.

दुसरी मार्किंगच्या मुकादमाकडे.

मामा मागच्या बाकावर डबा उघडून बसला होता. मामीने दिलेले कोबीचे रोल. तिला बघून त्याने डबा पुढे केला. तिने घेतला नाही.

"मामा, रंग तू फासलास?"

मामाने आधी डोळे मिचकावले. मग हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "अगं, पैजेसाठी! पोरं फार माजली होती. हिरवी वाकते, हिरवी वाकते. म्हटलं एकदा तोंडं बघू यांची. साध्या प्लेटचा मोठा तुकडा पडला होता रॅकवर, त्याला मारली एक रेघ. कोणाचं काय बिघडलं?"

"मी डेरिलला चोर म्हणाले तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो. मग म्हटलं निकाल चांगला येईल, आपोआप मिटेल. प्लेट चांगली आहे हे मला माहीत होतं ना."

"रेघ कधी मारलीस?"

"पहिलं बर्फ पडलं तेव्हा. नोव्हेंबर. थंडी लगेच येईल वाटलं होतं. यंदा मेली वेळेवर आलीच नाही."

"आणि तोवर तो तुकडा रॅकवर? हिरव्या रेघेचा? दोन महिने?"

मामाने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं.

"पैजेचा तुकडा कापायला गेलास तेव्हा तो पूर्ण होता?"

"नव्हता," मामा म्हणाला. "निम्मा होता. बघितलं मी. वाटलं, कोणी शिडीला आधारबिधार केला असेल. बघितलं आणि नाही बघितल्यासारखं केलं, पोरी."

दोघांच्या माना एकदमच टाकीकडे वळल्या. टाकीच्या मॅनहोलभोवती, भोकाला बळकटी म्हणून, इंचभर जाड प्लेटचं कडं वेल्ड केलेलं होतं. डिसेंबरात बसवलेलं. रात्रपाळीच्या पोराने रॅकवरून हिरवा तुकडा बघून घेतला होता, मामानेच शिकवलं होतं तसं: हिरवं दिसलं तर घे, नाही दिसलं तर हात लावू नकोस. आणि सकाळी स्तेफाने हिरवं बघितलं होतं आणि शिक्का मारला होता. व्यापाऱ्याच्या कागदांवर संशय, डेरिलच्या फोनवर संशय, त्याच्या स्नोमोबाइलवर संशय. मामाच्या कपाटातल्या रंगावर मात्र तिने जन्मात कधी घेतला नव्हता.

"कडंच आहे गं," मामा हळू आवाजात म्हणाला. "टाकीचं अंग नाही."

"भेग सुरू व्हायला बोटभर जागा पुरते. कोणी शिकवलं मला हे?"

मामाने डोळे पुसले. मग तिच्या बाहीला धरलं. "ऐक. उद्या शनिवार आहे, इथे कोणी नसतं. मी आणि तू. कडं कापून काढतो, चांगल्या प्लेटचं बसवतो. मी वेल्ड करतो, माझ्या हाताला अजून कोणी नाव ठेवत नाही. कोणाला कळणार? उन्हाळ्यात मी गेलोच. खोटी रेघ मारली म्हणून हाकललं ना मला, तर चर्चमध्ये तोंड दाखवता येणार नाही. तुझ्या मामीला काय सांगू?"

स्तेफाला रडू फुटलं. तिला सगळं कळत होतं. टाकीला पाण्याच्या दाबाची चाचणी देऊन झाली होती. आता तिच्यावर सरकारी इन्स्पेक्टरला न विचारता टाका घालणं म्हणजे दुसरी खोटी रेघ. पण त्याहून जास्त टोचत होता तो केबिनमधला खोका. मामा वाचायचा तर डेरिल जन्मभर निसटलेला चोर राहणार होता. आणि चोर तिनेच ठरवला होता, सगळ्यांसमोर.

"मामा, मला नाही जमणार," ती म्हणाली.

त्याने बाही सोडली.

ती लॉर्नच्या खोलीत गेली. डेरिल तिथेच होता, किल्ल्या परत करायला आलेला. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: कडं साध्या प्लेटचं आहे, त्याला तक्त्यात माफी नाही, शिक्का तिचा होता, टाकी जाणार नाही, इन्स्पेक्टरला आत्ता फोन करावा लागेल. लॉर्नने डोकं धरलं.

"साध्या प्लेटवर हिरवा रंग आलाच कसा? मारला कोणी?"

स्तेफाने तोंड उघडलं. शब्द येईना. ज्या हाताने तिला वेल्डिंगचा टॉर्च धरायला शिकवलं तो हात दाखवायचा कसा? लॉर्न बघत राहिला, डेरिल बघत राहिला.

"तिला नका विचारू," दारातून आवाज आला. मामा आत आला, टोपी हातात. "मी मारला. पैज जिंकायला. ती बोलली असती तर आयुष्यभर तिला माझ्या घरी घास गेला नसता, म्हणून मीच सांगतो."

त्याने कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग डेरिलकडे वळला. "तू चोर नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी नाडी बांधत बसलो. माफ कर, बाबा." आणि कोणी काही म्हणायच्या आत कोट घालून बाहेर पडला. त्याची गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. स्तेफा खिडकीतून बघत होती, पण गेली नाही.

इन्स्पेक्टर आला. त्याच्या देखत कडं कापून काढलं, नवं बसवलं, पाण्याचा दाब पुन्हा दिला. मामाला परत बोलावलं नाही, उन्हाळ्याची वाटही बघितली नाही. पोरांनी स्तेफाशी बोलणं कमी केलं. सासूबाई हे नाव आता ते तोंडावरच घ्यायला लागले, आणि त्यात थट्टा नव्हती. वाइसमध्ये पुन्हा कोणी तुकडा लावला नाही. डेरिलने खोका रिकामा केला की नाही हे तिने विचारलं नाही, पण एका सकाळी त्याच्या टेबलावर कप परत दिसला.

काढलेल्या कड्याचे नमुने तिने प्रयोगशाळेत पाठवले होते. नियमाने गरज नव्हती. निकाल आला त्या दुपारी फोन वाजला. मामा होता. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"वाकला की मोडला?" त्याने विचारलं.

वाकला म्हणावं का, असं तिच्या मनात येऊन गेलं. म्हाताऱ्याला बरं वाटेल. पण वाकला म्हटलं तर त्याची नोकरी तिने फुकटच घालवली असं होणार होतं, आणि मोडला म्हटलं तर माणसं मेली असती ती त्याच्याच रेघेने, असं ठरणार होतं. दोन्हींकडून त्यालाच लागणार होतं.

"मोडला, मामा."

"कसा?"

"साखरेसारखा. तिन्ही नमुने."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. मामी मागे भांडी घासत असावी.

"वाकला असता तर तुझ्यावर चिडलो तरी असतो," मामा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आता तेही गेलं बघ."

"मामा..."

"रविवारी ये. मामी पेरोगी करतेय. आणि तो कॅल्गरीवाला, त्यालाही घेऊन ये. म्हणावं, डोनट घेऊन ये येताना. खोट्या रेघेने जिंकली म्हणजे पैज मी हरलोच, पण मला आणायला जाववत नाही."